नोकरी सोडून घरून भाषांतराचं काम सुरू करावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या खासगी कंपनीत साडेचार वर्षं झाली, हातात 42 हजार येतात, मुलगी दुसरीत आहे आणि दोन एजन्सींनी इंग्रजी-मराठी भाषांतरासाठी विचारलंय. राजीनामा द्यावा का? माझं मत: द्या, पण आत्ता नको. मी बरीच वर्षं हेच काम घरी बसून करतेय, त्यावर पोट चालतं, म्हणून घाबरवायला हे लिहीत नाहीये.

तुमच्या प्रश्नात सगळी काळजी काम मिळेल का याची आहे. भाषा चांगली असेल आणि दिलेली वेळ पाळलीत तर काम येतं. येत नाहीत ते पैसे. म्हणजे येतात, पण त्यांच्या सवडीने. काम पाठवताना 'अर्जंट आहे, संध्याकाळपर्यंत द्याल ना?' आणि बिल पाठवल्यावर 'पीओ (कामाची लेखी ऑर्डर) निघाला नाही', 'अकाउंट्सच्या मॅडम रजेवर आहेत', 'क्लायंटकडून आले की लगेच सोडतो'. हे फोन न चिडता, न लाजता, दर आठवड्याला करता येतात का, हे आधी स्वतःला विचारा. आपल्याकडे, विशेषतः बायकांना, स्वतःच्याच कष्टाचे पैसे मागताना अवघडल्यासारखं होतं. तो संकोच गेला नाही तर या धंद्यात निभाव लागणं कठीण.

त्यामुळे एजन्सी निवडताना शब्दाला किती देतात याच्या आधी किती दिवसांत देतात ते विचारा, आणि तेही ईमेलवर. शिवाय उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन घेऊन बसलात की होते, एक पैसा लागत नाही. एजंट पैसे मागतात, देऊ नका. या नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापायचा. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला की व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. प्रत्यक्षात तक्रारीपर्यंत क्वचितच जावं लागतं, कारण आता आयकराचा नियमही असा आहे की मुदतीत न दिलेली अशी रक्कम, ती देईपर्यंत, खर्चात दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की समोरच्यांचे चार्टर्ड अकाउंटंटच त्यांच्या मागे लागतात. उद्यम क्रमांक असलेली बिलं मग भराभर निघतात!

आता तुमच्या पगाराशी तुलना. शब्दाला एक रुपया धरा, दिवसाला 2,000 शब्द, महिन्याचे 22 दिवस: 44 हजार. कागदावर पगारापेक्षा दोन हजार जास्तच. पण 22 दिवस भरून काम येणारा महिना विरळा. गणपती ते दिवाळी जाहिरातींचं काम अंगावर येतं, नंतर एखादा महिना नुसता जातो. कंपनी पीएफमध्ये घालते तो वाटा बंद, आजारी पडलात तर त्या दिवसाचे शून्य. एजन्सी टीडीएस, म्हणजे आयकरापोटी बिलातून आधीच कापायची रक्कम, कापेल, साधारण 10 टक्के. तो आपल्या पॅनवर जमा झालाय ना हे बघत राहायचं. व्यवसाय कराचे वर्षाला 2,500 वेगळे. जीएसटीची चिंता सोडा, वर्षाला 20 लाखांच्या आत असाल तर नोंदणी लागत नाही.

आणखी एक, हल्ली पुष्कळ एजन्सी कोरा मजकूर देतच नाहीत. मशीनने केलेलं भाषांतर पाठवतात, 'फक्त नजर फिरवा' म्हणतात आणि दर अर्धा लावतात. मराठीत ते नजर फिरवण्याइतकं सोपं नसतं. लिंग, वचन, विभक्ती सगळं ढवळून ठेवलेलं असतं. असं काम तासाच्या दराने घ्या. नाहीतर घेऊ नका.

मग आत्ता का नको? साडेचार वर्षं झालीत म्हणून. पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, लागू होते. मूळ पगार 30 हजार असेल तर पाच वर्षांचे सुमारे 86,500 होतात. अवघ्या सहा महिन्यांसाठी एवढी रक्कम सोडायची? त्या पैशांत सुरुवातीचे दोन कोरडे महिने निघतील.

या सहा महिन्यांत नियुक्तिपत्र नीट वाचा. बाहेरचं काम करायला मनाई नसेल, किंवा लेखी परवानगी मिळाली, तर शनिवार-रविवारी एका एजन्सीचं थोडं काम घेऊन बघा. पहिलं बिल खात्यात कधी जमा होतं हे कळलं की पुढचा निर्णय निम्मा झालाच. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःची पॉलिसी आत्ताच काढा. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तो काळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. घराचं कर्ज घ्यायचं मनात असेल तर तेही पगाराच्या स्लिपा हातात आहेत तोवर. नंतर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते आणि तरी तोंड वाकडं करते.

घरच्यांचं म्हणाल तर 'घरीच असतेस ना' हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. सिलिंडरवाला, कुरिअर, शेजाऱ्यांच्या किल्ल्या, सगळं तुमच्याकडे. दाराला आतून कडी असलेली खोली मिळाली तर उत्तम. आणि इन्व्हर्टर घ्या, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज घालवतात हे तुम्हाला पुण्यात राहून सांगायला नकोच.

त्या दोन एजन्सींनी दर आणि पैसे देण्याची मुदत काय सांगितलीय ते इथे लिहिलंत तर कोणती आधी घ्यावी ते सांगता येईल.