दूध सोडलं, आता ताटात काय?

वाचकांचे प्रश्न : व्हीगन आहार (प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेला)

प्रश्न : वय 34, वजन 58 किलो. आठ महिन्यांपासून दूध, दही, तूप, पनीर पूर्ण बंद आहे. सकाळी पोहे आणि बदामाच्या दुधाचा चहा, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वरण-भात, रात्री ज्वारीच्या दोन भाकरी आणि भाजी. पोट भरतं, पण केस गळतात आणि दुपारनंतर अगदी गळून जायला होतं. प्रोटीन कमी पडतंय का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हो, कमी पडतंय. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला 48 ग्रॅम प्रथिनं लागतात. डाळी-धान्यातली प्रथिनं दुधातल्याइतकी पूर्ण पचत नाहीत, म्हणून 55 धरून चाला. आता तुमचं ताट मोजू. 60 ग्रॅम पोहे आणि त्यातले चार दाणे मिळून साधारण 7 ग्रॅम, तीन पोळ्यांचे साडेनऊ, दोन भाकरींचे 10, भाताचे 4, भाज्यांचे 3. वरण पातळ असेल तर वाटीत जेमतेम 20 ग्रॅम डाळ असते, तिचे साडेचार. बेरीज 38. बदामाच्या दुधाचा इथे उपयोग नाही, कारण त्यात मुख्यतः पाणीच असतं. दुधाची जागा घ्यायचीच असेल तर सोयाचं दूध घ्या, 100 मिलीत सुमारे 3 ग्रॅम प्रथिनं मिळतात.

वरण घट्ट करा, 40 ग्रॅम डाळीचं. 40 ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून रोज एक वाटी उसळ घ्या, तिचे 9 ग्रॅम. भाजीत-कोशिंबिरीत मिळून 30 ग्रॅम दाण्याचं कूट घाला, त्याचे 7. झाले 58. अमायनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक. डाळीत जे अमायनो आम्ल भरपूर असतं ते धान्यात कमी, धान्यात असतं ते डाळीत कमी. दोन्ही एकाच घासात यायला हवीत असं नाही, दिवसभरात पोटात गेली तरी पुरे.

मात्र केस गळणं आणि थकवा एवढ्यावर सोडू नका. पोह्यांबरोबर चहा घेता, ही सवय आधी मोडा. पोह्यांवर पिळलेलं लिंबू लोह शोषायला मदत करतं आणि लगेच घेतलेल्या चहातलं टॅनिन तेच लोह अडवून ठेवतं. चहा खाण्यानंतर तासाभराने घ्या. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन उतरण्याच्या कितीतरी आधी तो रिकामा होतो.

प्रश्न : सहा वर्षं व्हीगन आहे. बी-12 साठी स्पिरुलिना (एक निळं-हिरवं शेवाळ) घेतो, इडली-आंबोळी नेहमी होते. हिमोग्लोबिन 13.5 आहे. पण दोन महिन्यांपासून तळपायांना मुंग्या येतात. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बी-12 ची तपासणी होईपर्यंत कुठलीही गोळी सुरू करू नका, कारण एका गोळीनेही रक्तातला आकडा वर दिसतो. स्पिरुलिनाची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिच्यात बहुतांश बी-12 सारखं दिसणारं, पण शरीराला निरुपयोगी द्रव्य असतं. रक्ततपासणीचा आकडा काठावर आला तर डॉक्टर मिथाइलमॅलॉनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन (बी-12 कमी पडलं की रक्तात वाढणारी द्रव्यं) तपासायला सांगू शकतात. इडलीच्या आंबवणातही भरवशाचं बी-12 नसतं.

हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पालेभाज्या आणि डाळींमुळे तुमच्या आहारात फोलेट (बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) भरपूर आहे. बी-12 कमी असलं तरी फोलेट रक्त सावरून धरतं, मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालू राहतं. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून त्रास तिसऱ्या-चौथ्या वर्षी किंवा त्याहून उशिरा जाणवतो. उपचाराला उशीर झाला तर मुंग्या आणि बधिरपणा कायमचा राहू शकतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने बी-12 आणखी कमी शोषलं जातं.

ज्यांना त्रास नाही आणि तपासणी ठीक आहे, अशा प्रौढ व्हीगनांनी रोज 50 ते 100 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून दोनदा 1000 मायक्रोग्रॅमची सायनोकोबालामिनची (बी-12 चं एक रूप) गोळी घ्यावी. गरज रोज 2.2 ची असताना एवढी मोठी मात्रा का? आतडं एका वेळी नेहमीच्या मार्गाने दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेतं, उरलेल्यातलं शंभरातलं जेमतेम एक आत झिरपतं. यात पर्याय नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या व्हीगन बायकांनी तर एक दिवसही चालढकल करू नये, बाळाचा मेंदू त्यावर अवलंबून असतो. कॅप्सूल घेणार असाल तर लेबलवर जिलेटिन आहे का ते पाहा, ते प्राण्यांपासून बनतं.

प्रश्न : वय 52, पाळी थांबली आहे. दुधाशिवाय कॅल्शियम 1000 मिलिग्रॅमपर्यंत जाईल का? मी रोज पालक खाते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : जाईल, पण पालकाने नाही. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, जेमतेम शंभरातले पाच भाग अंगी लागतात. त्याऐवजी 60 ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी (सुमारे 215), 40 ग्रॅम कुळथाचं पिठलं (105), 50 ग्रॅम शेवग्याचा पाला (155) आणि 15 ग्रॅम तीळ (190) घ्या. अख्खे तीळ न चावता गेले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजून कुटून चटणीच करा. उरलेलं कॅल्शियम मिसळलेल्या सोया दुधाच्या मोठ्या पेल्यातून भरून निघेल. फक्त ओतण्यापूर्वी खोका चांगला हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं आणि वरचं दूध पिऊन आपण फसतो. डी जीवनसत्त्वही तपासून घ्या. बाजारातलं डी-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून येतं. तुम्हाला ते चालत नसेल तर लायकेनपासूनचं (दगडफुलासारखं, प्राणिज नसलेलं) डी-3 किंवा डी-2 मागा.

प्रश्न : दाण्याचं दही लागतच नाही. काय चुकतं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक वेळा विरजण गरम दुधात पडलेलं असतं, किंवा पाणी जास्त झालेलं असतं. एक वाटी दाणे आठ तास भिजवून सालं काढा, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळा. मंद आचेवर उकळी आणून पाच-सात मिनिटं ढवळत राहा, हात थांबला की ते बुडाला लागतं. बोटाला कोमट लागेल इतकं निवलं की सहा-सात हिरव्या मिरच्यांचे देठ बुडवून आठ-दहा तास उबेला ठेवा. पहिलं दही पातळ आणि जरा उग्र होतं. त्यातलाच एक चमचा पुढच्या खेपेला लावा, ते घट्ट लागेल. दाणे खवट असतील तर कितीही खटपट करा, दही कडूच. बुळबुळीत किंवा गुलाबी झालं तर फेकून द्या. आणि यात कॅल्शियम फारसं नसतं, ते वेगळं मिळवायला हवं.

प्रश्न : घरात सैंधवच वापरतो. काही हरकत? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दूध आणि मासे सोडल्यावर तुमच्या घरात आयोडीन येण्याचा जवळजवळ एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मीठ. सैंधवात ते बहुधा नसतं. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ वापरा, बरणी घट्ट झाकून ठेवा आणि मीठ पदार्थ उतरवताना घाला.