फिल्ममेकर म्हणजे निर्माता नव्हे

प्रश्न असा आहे: फिनलंडच्या एका दिग्दर्शकाने विद्यापीठात 'कंटेम्पररी फिल्ममेकिंग' या विषयावर विद्यार्थ्यांशी चर्चा केली. मराठी वृत्तान्तात 'फिनिश चित्रपट निर्माते समकालीन चित्रपटनिर्मितीवर बोलले' असं लिहिलं तर चालेल का?

'निर्माते' अजिबात नको. मराठीत निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा, माणसं जमवणारा, चित्रपट तडीस नेणारा. श्रेयनामावलीत त्याचं नाव दिग्दर्शकाहून वेगळं येतं. फिनिश दिग्दर्शक युहो कुओस्मानेनचंच बघा. 'कंपार्टमेंट नंबर ६' या त्याच्या चित्रपटाला २०२१ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, विभागून मिळालं. त्याचा दिग्दर्शक कुओस्मानेन, निर्माता युस्सी रांतामॅकी. आपण कुओस्मानेनला निर्माता म्हटलं की रांतामॅकीची मेहनत सरळ दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. फिनलंडचाच आकी काउरिसमॅकी मात्र स्वतः लिहितो, दिग्दर्शन करतो आणि निर्माताही असतो. त्याला निर्माता म्हणणं खोटं नाही, पण ज्यासाठी जग त्याला ओळखतं तेच त्यातून गळतं.

फिनिश भाषेत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत. दिग्दर्शक तो 'ओह्याया', निर्माता तो 'तुओत्ताया', आणि फिल्ममेकरला 'एलोकुवान्तेकियॅ'. यातल्या 'तेकियॅ'चा अर्थ करणारा; पुस्तकाच्या कर्त्यालाही हाच शब्द लागतो. म्हणून मला 'चित्रपटकर्ता' आवडतो. ग्रंथकर्ता आपल्या ओळखीचा आहेच, त्यामुळे कानाला खटकत नाही. वक्त्याचं काम नक्की माहीत असेल तर सरळ 'दिग्दर्शक' लिहावं, तेच उत्तम.

क्रियापदातही हा फरक आपण रोज पाळतो. 'त्याने सिनेमा काढला' म्हटलं की पैसा घालणारा डोळ्यांपुढे येतो. 'त्याने सिनेमा केला' म्हटलं की दिग्दर्शक किंवा नट. फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढलाही आणि केलाही, त्यांना दोन्ही शोभतं. 'बनवला' हिंदीच्या वाटेने आलंय, मी ते टाळतो.

आता 'समकालीन'. हा शब्द मुळात कुणाच्या तरी काळाशी जोडलेला असतो: ज्ञानदेव आणि नामदेव समकालीन. 'आजचा' या अर्थाने तो आता रुळला आहे, मथळ्यात चालेल. पण गोंधळ कुठे होतो पाहा. कुओस्मानेनचा २०१६ चा चित्रपट ओल्ली मॅकी या मुष्टियोद्ध्याच्या १९६२ मधल्या हेलसिंकीतल्या जगज्जेतेपदाच्या लढतीवर आहे, तोही कृष्णधवल, १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केलेला. त्याबद्दल 'समकालीन वातावरण' असं लिहिलं तर वाचकाने १९६२ समजायचं की २०१६? अशा ठिकाणी 'आजचा', 'हल्लीचा', 'त्या काळचा' हे साधे शब्द वापरा. तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'फिनलंडच्या दिग्दर्शकाने आजच्या चित्रपटांविषयी विद्यार्थ्यांशी चर्चा केली.'

जाता जाता नावांचं. फिनिशमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार 'य' होतो, म्हणून युहो, जुहो नव्हे. आणि डोक्यावर दोन टिंबं असलेल्या रोमन 'ए'ला (ä) आपला 'ॅ' नेमका बसतो: काउरिसमॅकी, रांतामॅकी, ओल्ली मॅकी. 'मॅकी' म्हणजे टेकडी. 'कौरिसमाकी' छापलेलं दिसलं तर बेलाशक दुरुस्त करा.