दगडधोंडे शिकून पोट भरतं का?

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतलंय. बाबा म्हणतात, दगडधोंडे शिकून पोट भरत नाही. पुढे काय करता येईल?
– एक विद्यार्थिनी, संगमनेर

उत्तर : बाबांना विचार, विहिरीची जागा कोण ठरवतं? माझी सगळी नोकरी त्याच कामात गेली. आपला काळा बेसाल्ट खडक वरून एकसारखा दिसतो. पण घट्ट, अभंग थरात पाणी मुरत नाही, भेगाळलेल्या आणि झिजलेल्या थरात साठतं. तो फरक ओळखता आला नाही, तर शेतकऱ्याचं कर्ज कोरड्या बोअरमध्ये जातं. म्हणून हे शास्त्र मला इतकं मोलाचं वाटतं.

एम.एस्सी. मात्र करच. आयआयटी मुंबईत उपयोजित भूविज्ञान आहे, प्रवेश जॅम या एम.एस्सी.च्या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून. मग यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा दे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (स्थापना १८५१) आणि केंद्रीय भूजल मंडळ इथल्या जागा तिच्यातून भरतात. खाणी, धरणं, बोगदे यांनाही भूवैज्ञानिक लागतोच. उन्हातान्हातली भटकंती चुकत नाही, हे घरी आधीच सांगून ठेव. आणि कॉलेजची एकही क्षेत्रभेट बुडवू नकोस. हातोडी, भिंग, होकायंत्र बरोबर ने, थरांच्या नोंदी स्वतःच्या हाताने कर.