राष्ट्रीय पुरस्कारांची यादी आणि शताब्दीचे लेख वाचून मराठी सिनेमाचा इतिहास कळेल का? पाहण्यासारखे दहा चित्रपट सुचवा.

नाही कळणार. दहा चित्रपटांचं पुढे बघू.

आधी यादीच बघा. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले १९५४ साली, आदल्या वर्षीच्या चित्रपटांसाठी. पहिल्याच फटक्यात आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'नं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आणलं. त्यानंतर देशातला सर्वोत्कृष्ट म्हणून मराठी चित्रपटाचं नाव येतं ते थेट २००४ साली, 'श्वास'चं. मधली पन्नास वर्षं काय आपली माणसं झोपली होती? आणि १९५४ च्या आधीचं काय? प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात निघाली, १९३३ ला पुण्यात आली आणि हे पुरस्कार सुरू होईपर्यंत तिचा कारभार आटोपलाही होता. म्हणजे तुमच्या यादीत प्रभातच नाही. असला इतिहास कुणी वाचायचा आणि कशाला?

एवढ्या तावातावानं लिहितोय त्याला कारण आहे. २०१३ च्या मे महिन्यात भारतीय सिनेमाची शंभरी साजरी झाली, ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तिथून मोजून. (दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' त्याच कोरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला लागला होता, पण ते नुसतं नाटकाचं चित्रीकरण म्हणून त्याला धरत नाहीत. मी धरतो. तो वाद पुन्हा कधीतरी.) आमच्या मंडळानं शताब्दीनिमित्त छोटा महोत्सव ठरवला. निवडीचं काम एका निवृत्त प्राध्यापकांकडे होतं. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. सरांचा नियम एकच: राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णपदक, पुढे त्याचंच झालेलं सुवर्णकमळ, नाहीतर परदेशी महोत्सवातला मान. 'संत तुकाराम' व्हेनिसच्या जोरावर बसला. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' बसले. मी 'सांगत्ये ऐका'चं नाव काढलं. सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "शताब्दीला तमाशापट? पिटातल्या शिट्ट्या म्हणजे इतिहास नव्हे." बैठकीत हशा पिकला. मी गप्प बसलो. एक तर सगळ्यात लहान मी, आणि सभागृहाचं भाडं सरांच्या ओळखीनं माफ झालेलं.

हॉलबाहेर आम्ही एक लांबलचक फ्लेक्स लावला होता, सालं आणि पुरस्कारांचा. तो वाचायला आमच्या आळीतले एक काका आले. जन्मभर ऑपरेटर. पोरवयात तंबू टॉकीजमध्ये पेट्या उचलायला लागले आणि पुढे पक्क्या थिएटरात मशीनवर गेले. फ्लेक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचून त्यांनी 'सांगत्ये ऐका' कुठंय म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर तिथंच उभ्या उभ्या सुरू झाले. 'बुगडी माझी सांडली गं' लागलं की पडद्यावर चिल्लर पडायची आणि वन्स मोअरचा असा गिल्ला व्हायचा की रीळ मागं घेऊन गाणं परत लावल्याशिवाय गत्यंतर नसे. मॅनेजर ओरडायचा, कारण प्रिंट खराब झाली की वितरकाची बोलणी त्याला बसत. मग काका म्हणाले ते मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. दुसऱ्या गावाहून फिरून आलेली प्रिंट हातात आली की ते आधी उजेडात धरून ओरखडे बघायचे. जिथं ओरखडे जास्त, ते गाणं चाललेलं. पिक्चर न बघताच कळायचं की इथं पब्लिक थांबवून ठेवणार, तयारीत राहा.

सर शेजारीच उभे होते. "रंजक आहे," म्हणाले आणि चहाकडे वळले.

आता तुम्हीच सांगा, दिल्लीतल्या बंद खोलीत मूठभर माणसांनी दिलेलं पदक मोठं की गावोगावच्या लोकांनी फिल्मवर उठवलेले ओरखडे? 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंदला दोन वर्षांहून जास्त चालला. खुद्द 'संत तुकाराम'सुद्धा मुंबईत ५७ आठवडे चालला. त्याला आधी लोकांनी डोक्यावर घेतलं, व्हेनिस मागाहून.

शताब्द्या-पन्नाशांचंही तेच. २०२५ मध्ये 'सामना'ला पन्नास वर्षं झाली. माझ्या वाचनात त्यावर भरभरून आलं, आणि यायलाच हवं, असा चित्रपट रोज होत नाही. पण 'पांडू हवालदार'सुद्धा १९७५ चाच. दादा कोंडक्यांचे ओळीनं नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, गिनीज बुकात नोंद झाली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटांत त्यांचा एकही नाही. त्याच २०२५ मध्ये बाबूराव पेंटरांच्या मूळ मूक 'सावकारी पाश'लाही शंभर वर्षं झाली. त्याची प्रत आज कुठेच नाही. जुनी नायट्रेट फिल्म भुरकन पेटते. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली त्यात अशी कितीतरी रिळं गेली. जे जळलं त्याचा वाढदिवस करायला दाखवणार काय?

यादी वापरणारच असाल तर सालाची एक गोम लक्षात ठेवा. पुरस्कार ज्या वर्षाचा, चित्रपट त्या वर्षी लागलेला असतोच असं नाही, कारण तिथं सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं साल धरतात. 'श्वास'चा पुरस्कार २००३ चा, जाहीर झाला २००४ ला. 'कोर्ट'चा २०१४ चा, आणि तो थिएटरात आला २०१५ ला. नेटवरची निम्मी भांडणं एवढ्यावरच असतात.

चित्रपट म्हणाल तर 'संत तुकाराम', 'सांगत्ये ऐका', 'सामना', 'पांडू हवालदार', 'कोर्ट'. पाचच झाले. उरलेले घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ते माझ्यापेक्षा बरे सांगतील.

आणि हो, पुरस्कार अगदीच फुकट असतात असं नाही. 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं नसतं तर मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. तारखाही कधी कधी कामाच्या निघतात. शंभरीच्या दिवशीच, ३ मे २०१३ ला, दिल्लीत राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले. त्यात 'अनुमती'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेता विक्रम गोखले, इरफान खानबरोबर विभागून. त्यांची पणजी दुर्गाबाई आणि आजी कमलाबाई या फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पडद्यावर आलेल्या पहिल्या स्त्रिया. हे तारखेमुळेच डोळ्यांत भरतं. पण आमच्या फ्लेक्सवर त्या दोघी नव्हत्या, कारण त्यांना कुणी पदक दिलं नव्हतं.

सरांनी मध्यंतरी एका दिवाळी अंकात तमाशापटांच्या योगदानावर लेख लिहिलाय. चांगला आहे. प्रिंटवरच्या ओरखड्यांचा मुद्दा त्यात दोनदा आलाय, "एका निरीक्षणानुसार" म्हणून. काकांचं नाव कुठं नाही.