८ टॅब आणि २३ मुलं

प्रश्न: ताई, मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत टीचर आहे. पहिली ते चौथी मिळून २३ मुलं आणि शिकवणारी मी एकटीच. गेल्या महिन्यात एका कंपनीची माणसं येऊन ८ टॅब देऊन गेली, फोटो काढले, पेढे वाटले, पण त्यावर शिकवायचं काय ते कोणीच सांगितलं नाही. नेटवर्क शाळेमागची चढण चढलं तरच मिळतं. मुलं भांडायला लागली म्हणून सध्या कपाटात कुलपात ठेवलेत. प्रत्येकाला एक मिळाला असता तर सोपं गेलं असतं का?

उत्तर: नाही हो टीचर, मला तर ८ च बरे वाटतात. प्रत्येकाच्या हातात एकेक दिला की वर्ग एकदम चिडीचूप होतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय शिस्त, पण आत २३ मुलं २३ गावांना गेलेली असतात. तिघांत एक दिला की ती बोलतात, एकमेकांच्या चुका काढतात, आणि निम्मं शिकणं त्या बोलण्यातच होतं. भांडणाचं म्हणाल तर कामं वाटून द्या, एक धरणारा, एक बोलणारा, एक वहीत लिहिणारा, दहा मिनिटांनी अदलाबदल. पहिले चार दिवस गोंधळ होईल, तो होऊ द्या.

आता काय घालायचं? आधी काहीच घालू नका. टॅबमधे कॅमेरा आणि आवाज रेकॉर्ड करायची सोय आधीपासून असते, नेट लागत नाही, आणि माझ्या मते प्राथमिकला टॅबचा खरा उपयोग तोच. पाढे, बाराखडी, रंग भरणं हे पाटीवर आणि कागदावर जास्त चांगलं होतं, त्यासाठी टॅब कशाला.

माझ्याच वर्गातलं सांगते. तिसरीतला एक मुलगा धडा वाचायचा तो धापा टाकत, पूर्णविराम दिसायचाच नाही त्याला, मी शंभरदा सांगून झालं होतं. एक दिवस त्याला टॅब देऊन व्हरांड्यात पाठवलं, म्हटलं एक पान वाचून रेकॉर्ड कर आणि तूच ऐक. पाच मिनिटांत परत आला, तोंड पडलेलं, म्हणतो, ‘टीचर, हांव इतलो बेगीन वाचतां?’ (मी एवढ्या घाईत वाचतो?) मी काही बोललेच नाही. तो आपणहून परत गेला, परत वाचलं, परत ऐकलं, चौथ्या वेळेला थांबत थांबत वाचत होता. तेव्हापासून रोज पाच जणांचं रेकॉर्डिंग असं ठरवलं, तेवढ्या वेळात मी पहिलीच्या मुलांकडे बघू शकते, एकशिक्षकी शाळेत हेच केवढं मोठं आहे ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरं, गणेश चवथीच्या आधी टॅब घेऊन मुलांना माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या रानातल्या फळाफुलांच्या मागे लावा. कांगलां, कवंडळ, आंबाडे, तोरिंजण, सुपारीचं शिपटं, एकेकाचा फोटो काढायचा आणि घरच्या आजीकडून नाव, कुठे मिळतं, कशाला वापरतात ते तिच्याच आवाजात रेकॉर्ड करायचं. परिसर अभ्यासाचा एवढा चांगला धडा छापून मिळणार नाही. आणि आजी लोकांना शाळेत काहीतरी सांगायला मिळालं की त्या किती बोलतात ते बघाच.

मग हळूहळू बाकीचं. सरकारच्या दीक्षा ॲपमधले धडे नेटवर्कमधे असताना डाउनलोड करून ठेवले की नंतर नेटशिवाय चालतात, म्हणजे शनिवारी टॅब घरी नेऊन भरून आणायचे. चौथीला अपूर्णांकासाठी कोलोराडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातले खेळ छान आहेत, मुलं वर्तुळाचे तुकडे करून स्वतः जोडून बघतात.

पावसाळ्याचं मात्र सांभाळा, आपल्याकडची दमट हवा चामड्याच्या चपलांना सोडत नाही तर टॅबला काय सोडणार. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, लाइट सारखी जाते-येते तेव्हा चार्जिंगला लावू नका, आणि मे महिन्याच्या सुट्टीत पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा. पाठ फुगलेली दिसली तर तो टॅब लगेच बाजूला, चार्ज करून बघू वगैरे अजिबात नाही. २०११ मधे दिल्लीत तो स्वस्तातला ‘आकाश’ टॅब आला तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता आठवतंय? ७ इंची स्क्रीन, २५६ एमबी रॅम, बोट दाबून दाबून दुखायचं. वाटणं सोपं असतं, पुढचं सगळं टीचरच्या गळ्यात.

प्रश्न: मुलगा सहावीत आहे, म्हापशाला. गृहपाठ टॅबवर येतो. अभ्यास करतोय म्हणतो आणि बघितलं तर यूट्यूब. काढूनच घेऊ का?

उत्तर: गृहपाठ त्यावरच येत असेल तर कसा काढून घेणार? सेटिंगमधे ॲप पिनिंग शोधा, एक ॲप उघडून तिथेच टाचून ठेवता येतं, आणि बाहेर पडताना पिन विचारायची सोय चालू केली की पिन टाकल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. पिन अर्थात त्याच्या वाढदिवसाची नको. टॅब खोलीत नाही, जेवणाच्या टेबलावर. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघायला लावा, खिडकीतला माड चालेल. आणि शाळेत जाऊन विचाराच की कुठला गृहपाठ वहीत चालेल. २०२३ मधे स्वीडनसारख्या देशाने परत छापील पुस्तकांवर पैसे घातले, तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून कोणी तुम्हाला मागासलेलं म्हणणार नाही.

प्रश्न: नातू टॅबवर मराठी सगळं इंग्रजी अक्षरांत लिहितो. काय करावं? (एक आजोबा, पेडणे)

उत्तर: आजोबा, जीबोर्ड म्हणजे गूगलच्या कीबोर्डमधे मराठी हस्तलेखन चालू करून घ्या, बोटाने अक्षर काढलं की तेच टाइप होतं. नातवाला सांगू नका, तुम्हीच त्याला रोज एक ओळ पाठवा. तुमचा ‘ळ’ त्याला ‘ल’ म्हणून पोचला की तो स्वतःच येईल शिकवायला.