लाल सूक्ष्मजीव आणि मधलं टेबल

तुम्हाला मिठागरातल्या लाल सूक्ष्मजीवांनी अगारवर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या जेलीवर, चित्रं वाढवायची आहेत, पण कलावाले म्हणतात हे विज्ञान आणि विज्ञानवाले म्हणतात ही कला. तुमची ही तक्रार वाचली आणि माझ्या अशाच कामाची जुनी फाइल आठवली. अगारची बशी, म्हणजे प्लेट, कशी ओततात वगैरे प्रयोगशाळेत कोणीही दाखवील, त्यात शिरत नाही.

दोन्ही विभागांतली माणसं बहुतेक वेळा उत्सुकच असतात. घोळ होतो मधल्या टेबलावर, फाइल जिथून पुढे सरकते त्या कचेरीत. माझी फाइल जिथे अडली (नाव घेत नाही, अजून तिथल्याच जिन्यावरून जावं लागतं), तिथल्या साहेबांनी खरेदीची यादी बघून विचारलं, "चित्रकाराला अगार कशाला? ब्रश मागा की!" मग हिरव्या शाईत शेरा: 'विषय नेमका कोणत्या विभागाचा, खुलासा व्हावा.' खुलासा दिला, तर तो कोणामार्फत दिला याचा खुलासा. इकडे मार्च-एप्रिल सरला. पाणी आटून शेवटचे वाफे लालसर गुलाबी होतात ते तेव्हाच, नमुना तेव्हाच घ्यायचा. मंजुरी आली तोवर पाऊस लागला आणि गोव्यातल्या रायबंदरची मिठागरं पाण्याखाली गेली. हे सांगितलं तर साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी मीठ व्हायचंच आहे." वर्ष गेलं ते गेलंच.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: अर्ज विज्ञान विभागातूनच जाऊ द्या. मुख्य मार्गदर्शक सूक्ष्मजीवशास्त्रातला, सहमार्गदर्शक कलेतला. खरेदीच्या यादीत फक्त प्रयोगशाळेचं सामान, चित्रांचं सगळं परिशिष्टात. यात लबाडी नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या विद्यापीठात सिम्बायॉटिका ही कलाकारांसाठीची जीवशास्त्राची प्रयोगशाळा २००० साली सुरू झाली तीसुद्धा शरीररचनाशास्त्राच्या विभागात, कलेच्या नव्हे. आणि अर्ज पावसाळ्यातच टाका, म्हणजे कारकुनी खेळ हंगामाआधी आटोपतील.

जैवसुरक्षेचा बागुलबुवा कोणी दाखवला तर घाबरू नका. बंगळूरच्या सृष्टी संस्थेतल्या कलेच्या मुलांनी २००९ साली आयजेम या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय जैवअभियांत्रिकी स्पर्धेसाठी जिवाणूंकडून ओल्या मातीचा वास, म्हणजे जिओस्मिन, करवून घेतला होता. तसा जनुकीय फेरफार करणार असाल तर १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे जावंच लागेल. निसर्गातला सूक्ष्मजीव जसाच्या तसा वाढवायचा तर प्रकरण बरंच सोपं. त्यातून हे मीठप्रेमी जीव २०-२५ टक्के मिठात रमणारे, गोड्या पाण्यात टाकले की पेशी फुटतात. प्रदर्शनाच्या परवानगीसाठी हे वाक्य ठळक अक्षरांत लिहा. तरी प्लेट फेकण्याआधी ऑटोक्लेव्ह कराच, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा.

परदेशी कलाकाराबरोबर काम असेल तर मात्र गाडी वेगळी. जैवविविधता कायदा २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी, कल्चर (वाढवलेले जिवंत सूक्ष्मजीव) पाठवणं नंतर. पाहुण्याच्या बॅगेतून तर मुळीच नको. मी वकील नाही, कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झालीय, तेव्हा ताजा मजकूर स्वतः वाचा.

जाता जाता: हे जीव फार सावकाश वाढतात, आठवडा-दोन आठवडे धरून चाला. तेवढ्यात प्लेट सुकून वर मिठाचे खडे धरतात आणि चित्राची वाट लागते. झिपच्या पिशवीत ओल्या कापसाचा बोळा टाकून त्यात प्लेट उलटी ठेवा. आणि मिठागराच्या मालकाला विचारल्याशिवाय बांधावर पाय ठेवू नका.