आखूड नळीच्या मॅग्नमसाठी पावडर कोणती?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो आणि .३५७ मॅग्नमची काडतुसे स्वतःच्या वापरासाठी घरी भरतो. माझ्या रुगर एसपी-१०१ रिव्हॉल्व्हरची नळी सव्वादोन इंचांची आहे. सावकाश जळणारी पावडर (काडतुसातील दारू) आखूड नळीत पुरती जळत नाही, उरलेली तोंडाशी भडकून वाया जाते, म्हणून लवकर जळणारीच वापरावी, असे क्लबातील जाणते सांगतात. भरणीच्या पुस्तिकेत मात्र सर्वाधिक वेग एच-११० या सावकाश पावडरीपुढे छापला आहे. खरे काय मानावे?

उत्तर : वेगापुरते बोलायचे तर पुस्तिकेवर विश्वास ठेवावा. पुंगळीतील (काडतुसाच्या धातूच्या कवचातील) दाब शिखरावर पोहोचतो तो गोळी जेमतेम पुढे सरकलेली असतानाच, आणि पावडरीचा बहुतेक भाग त्याच सुमारास जळतो. पुढच्या नळीत मुख्यतः तापलेला वायू प्रसरण पावत गोळीला ढकलत राहतो. .३५७ मॅग्नमसाठी दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे. या मर्यादेत राहून सावकाश पावडर अधिक प्रमाणात भरता येते, त्यामुळे तिचा वायूही अधिक निघतो आणि शिखर ओसरल्यावरही दाब टिकून राहतो. म्हणून लांब नळीत जी पावडर वेगात पुढे असते, तीच बहुधा आखूड नळीतही पुढे राहते. अंतर मात्र बरेच घटते. तोंडाशी दिसणारा भडका हा प्रामुख्याने न जळलेल्या कणांचा नसतो, तर बाहेर पडलेले ज्वलनशील वायू हवेतील प्राणवायूशी मिळून पुन्हा पेटतात, त्याचा असतो.

तरीही तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी मी एच-११० सुचवणार नाही. हे काडतूस १९३५ साली आले ते पावणेनऊ इंच नळीच्या, जड बांध्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी, आणि एच-११० चा खरा लाभ तशाच लांब नळीत मिळतो. आखूड नळीत पदरात पडतो तो थोडासा जादा वेग, आणि त्याच्या मोबदल्यात डोळे दिपवणारा भडका, कान बधिर करणारा आवाज आणि अधिक धक्का सोसावा लागतो, कारण जादा भरलेल्या पावडरीचे वजनही वायूरूपाने प्रचंड वेगाने पुढे फेकले जात असते. दुसरी गोळी निशाणावर आणण्यास लागणारा विलंब त्या थोड्या जादा वेगाने भरून निघत नाही, असे माझे ठाम मत आहे. शिवाय उरलेले कण एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली अडकले की सिलिंडर फिरण्यास जड जातो. रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे धरली, तर हा त्रास पुष्कळ टळतो.

एचएस-६, अ‍ॅक्युरेट नंबर ७ किंवा युनिक अशी मध्यम गतीची पावडर निवडावी. मात्र .३५७ ची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षाही लांब असून ती .३८ मूळची काळ्या दारूसाठी घडवलेली, त्यामुळे लवकर जळणाऱ्या पावडरीचे माप तिच्या तळाशीच राहते आणि चुकून दुहेरी माप पडले तरी ते ओसंडून वाहत नाही. गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत विजेरीच्या उजेडात डोकावून पाहावे. या कामात यापेक्षा महत्त्वाची सवय नाही. ज्वलनगतीच्या तक्त्यात दोन पावडरी शेजारी असल्या, तरी एकीचे माप दुसरीला कधीही लावू नये; त्या त्या पावडरीसाठी आणि गोळीसाठी उत्पादकाने छापलेल्या किमान मापापासूनच सुरुवात करावी.

प्रश्न : घरात एच-११० चा डबा पडून आहे. माप बरेच कमी करून तिचीच सौम्य काडतुसे भरता येतील का?

उत्तर : नाही. छापलेल्या मापाच्या तीन टक्क्यांहून अधिक कपात करू नये, असे ही पावडर विकणारी हॉजडन कंपनीच बजावते. विंचेस्टर-२९६ ही नावाने निराळी असली तरी तीच पावडर आहे, म्हणून तिलाही हाच नियम लागू आहे. तिला नीट पेटण्यासाठी भरलेली पुंगळी, मॅग्नम प्रायमर (पावडर पेटवणारी अधिक जोरदार टोपी) आणि घट्ट क्रिंप (पुंगळीच्या तोंडाची गोळीभोवती आवळलेली कड) लागते. दाब पुरेसा चढला नाही तर ज्वलन मध्येच विझू शकते, गोळी नळीत अडकते, आणि ते लक्षात न येता पुढचा बार काढला तर नळी फुटू शकते. सौम्य बार हवा असल्यास तो डबा लांब नळीच्या बंदुकीसाठी ठेवावा आणि .३८ स्पेशलच्या पुंगळीत, तिच्याच छापील मापाने, युनिक भरावी.